व्हेरिकोसीलचं ऑपरेशन झालं, आता घरी काय? वॉर्डातल्या ब्रदरकडून, न लाजता

मुंबईतल्या एका महापालिका रुग्णालयाच्या युरॉलॉजी वॉर्डात मी ब्रदर आहे. डिस्चार्ज मिळालेल्या पेशंटला समोर बसवून घरी काय करायचं, काय टाळायचं हे समजावणं माझ्या कामाचा भाग आहे. व्हेरिकोसीलचे पेशंट बहुतेक तरुण असतात, अंगाने धडधाकट. मी बोलत असतो तेव्हा ते मान खाली घालून ‘हो, हो’ म्हणतात आणि एकही प्रश्न विचारत नाहीत. बाजूच्या खाटेवरचे काका ऐकत असतात, आई पिशवी घेऊन दारात उभी असते. मग घरी गेल्यावर अंडकोश काळानिळा पडलेला दिसतो आणि रात्रभर झोप लागत नाही. काही जणांचं खरंच बिघडलेलं असतं, तरी कुणाला कसं सांगू म्हणून ते दोन-तीन दिवस अंगावर काढतात. हे ऑपरेशन तसं सुरक्षित आहे. गुंतागुंत थोड्यांनाच होते, पण झालेली लपवून ठेवली की साधी गोष्टही वाढते. म्हणून वॉर्डात चारचौघांत विचारता न येणारं सगळं इथे लिहितो आहे. मोबाइलवर एकट्याने वाचा.

आधी डिस्चार्ज कार्ड वाचा

वृषणाकडून रक्त वर परत नेणाऱ्या शिरा फुगतात, त्याला व्हेरिकोसील म्हणतात. साधारण शंभरातल्या पंधरा पुरुषांना हा त्रास असतो आणि बहुधा डावीकडे. डाव्या वृषणाची शीर वर जाऊन डाव्या किडनीच्या शिरेला काटकोनात मिळते, त्यामुळे रक्त मागे तुंबायला वाव असतो. ऑपरेशनमध्ये या फुगलेल्या शिरा बांधून टाकतात आणि रक्त उरलेल्या चांगल्या शिरांतून परत जातं. शुक्रवाहिनीला हात लावत नाहीत. ‘ब्रदर, नसबंदी तर नाही ना झाली?’ असं मला हळूच विचारणारे बरेच असतात. नाही झालेली. लिंगाच्या ताठरतेशीही या शिरांचा संबंध नाही.

कार्डावर ऑपरेशनची पद्धत लिहिलेली असते, ती नीट बघा. जांघेजवळ छोटा छेद घेऊन मायक्रोस्कोपखाली केलंय, मायक्रोस्कोपशिवाय केलंय, पोटावर भोकं पाडून लॅप्रोस्कोपीने केलंय, की टाका न घालता मानेतल्या किंवा जांघेतल्या शिरेतून नळी घालून एम्बोलायझेशन, म्हणजे शीर आतून बंद करणं, केलंय, यावर पुढे कशावर लक्ष ठेवायचं ते ठरतं. कार्ड इंग्रजीत असेल आणि कळत नसेल तर निघण्याआधी विचारून मराठीत लिहून घ्या. आम्ही लिहून देतो, संकोच करू नका.

पहिला दिवस

कमरेत इंजेक्शन देऊन भूल दिली असेल तर पाय काही तास जड राहतात आणि पहिल्यांदा उठताना चक्कर येऊ शकते. आधी बसा, मग कुणाला तरी धरून उभे राहा. भुलीमुळे लघवी अडू शकते. एकदा मोकळी लघवी झाल्याशिवाय घरी जायची घाई करू नका. घरी गेल्यावरही सहा-आठ तास लघवी झाली नाही आणि ओटीपोट टम्म वाटलं, तर सकाळची वाट न बघता परत या. नळी घालून लघवी काढणं पाच मिनिटांचं काम आहे, पण तुंबलेली लघवी रात्रभर सहन करणं फार यातनेचं असतं.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी डोकं दुखू लागलं, बसल्यावर वाढतंय आणि आडवं झाल्यावर थांबतंय असं असेल, तर ते कमरेतल्या इंजेक्शनमुळे असू शकतं. भरपूर पाणी प्या, झोपून राहा आणि कमी होत नसेल तर भूलतज्ज्ञांना दाखवा, त्यावर उपचार आहे. लॅप्रोस्कोपी झालेल्यांचा खांदा दुखतो आणि ते घाबरून हृदयाचं काही आहे का विचारतात. पोटात भरलेल्या गॅसमुळे तसं होतं आणि एक-दोन दिवसांत ओसरतं. मात्र छातीत दुखणं, धाप लागणं किंवा एकाच पायाची पोटरी सुजून दुखणं हे वेगळं आहे. तेव्हा सरळ १०८ला फोन करा.

घरी जाताना टॅक्सीचे पैसे वाचवू नका. परळला सुट्टी मिळालेला पेशंट कल्याणला जायचं म्हणून दादरच्या पुलावर चढतो तेव्हा मला फार वाईट वाटतं. पुलाचे जिने, गर्दीतले कोपर आणि डब्यातलं उभं राहणं, त्या दिवशी यातलं काहीच नको. लोकलशिवाय इलाजच नसेल तर दुपारची, गर्दीच्या उलट दिशेची स्लो गाडी पकडा, बसून जा आणि मांडीवर पिशवी धरा, म्हणजे कुणाचा धक्का थेट लागणार नाही.

घरातले पहिले दहा-पंधरा दिवस

सगळ्यात महत्त्वाचा आधार. अंडकोश लोंबकळत राहिला की सूज वाढते आणि टाक्यांवर ओढ येते. मेडिकलमध्ये सपोर्टर मिळतो, तो आठवडा-दोन आठवडे दिवसा घाला. महाग वाटला तर घट्ट, चांगल्या इलॅस्टिकची व्ही आकाराची चड्डी चालते. लंगोट बांधायची सवय असेल तर तोही चालतो, पण गाठ टाक्यावर येऊ देऊ नका आणि श्वास कोंडेल इतका आवळू नका. ढगळ बॉक्सर आणि नुसती लुंगी या दिवसांत नको. झोपताना टॉवेलची छोटी गुंडाळी करून अंडकोशाखाली ठेवा. पहिले दोन दिवस बर्फ फडक्यात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं लावा, मग थांबा, काही वेळाने पुन्हा लावा. उघडा बर्फ कातडीवर ठेवू नका, त्याने कातडी भाजते. गरम पाण्याचा शेक तर अजिबात नको. घरातल्या मोठ्यांना शेक दिल्याशिवाय चैन पडत नाही. त्यांना प्रेमाने सांगा, पण देऊ देऊ नका.

खोलीत सगळे जमिनीवर झोपत असतील तर उठताना थेट पोटावर जोर देऊन उठू नका. आधी कुशीवर वळा, हाताचा आधार घ्या आणि मग बसा. खोकला किंवा शिंक आली की टाक्यांवर तळहात दाबून धरा. तंबाखू-सिगारेटने खोकलाही वाढतो आणि जखमही उशिरा भरते, या दिवसांत तरी ती बंद ठेवा.

चाळीत राहणाऱ्यांचा खरा प्रश्न संडासचा असतो. उकिडवं बसल्याने जांघेतल्या टाक्यांवर ताण येतो आणि कुंथल्यावर आणखीच. शक्य असेल तर पहिला आठवडा कमोडची खुर्ची भाड्याने आणा किंवा कमोड असलेल्या नातेवाइकाकडे राहा. नसेल जमत तर निदान पोट साफ राहील असं बघा. ट्रॅमाडॉलसारख्या तीव्र वेदनाशामक गोळ्यांनी शौचाला खडा होतो. रात्री कोमट पाण्यात इसबगोल, जेवणात पालेभाजी, पपई, भरपूर पाणी. तरी पोट अडलं तर कुंथत बसण्यापेक्षा डॉक्टरांना विचारून रेचक घ्या.

साधारण दोन दिवसांनी डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे अंगावर पाणी घेऊन आंघोळ करता येते. जखम चोळायची नाही, टॉवेलने टिपून कोरडी करायची. मुंबईचा दमटपणा जांघेतल्या जखमेचा मोठा शत्रू आहे. घामाने भिजलेली पट्टी दिवसभर तशीच ठेवू नका, बदला. हळद, तूप, पावडर काहीही जखमेवर घालू नका. टाके विरघळणारे आहेत की काढावे लागणार हे कार्डावर असतं. काढायचे असतील तर साधारण सात ते दहा दिवसांनी.

पावसाळ्यात ऑपरेशन झालं असेल तर आणखी दोन गोष्टी. हिंदमाता, मिलन सबवे, कुर्ला, जिथे पाणी तुंबतं तिथे ताज्या टाक्यांनी पाण्यात उतरू नका. त्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो आणि उघडी जखम हे त्या जंतूंचं दार आहे. उतरावंच लागलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा, प्रतिबंधक गोळी द्यायची का ते ते ठरवतील. दुसरं तापाचं. जुलै ते ऑक्टोबरात आलेला ताप टाक्यांचाच असेल असं नाही, मलेरिया किंवा डेंग्यूही असू शकतो. डेंग्यूत डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन अशा गोळ्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो आणि ऑपरेशननंतर दुखण्यासाठी नेमक्या याच गोळ्या दिलेल्या असतात. ताप आला की या गोळ्या थांबवा, तापासाठी पॅरासिटामॉल घ्या आणि त्याच दिवशी जखम दाखवून रक्त तपासा. अल्सर, किडनीचा त्रास किंवा दमा असलेल्यांनी तर या गोळ्या विचारल्याशिवाय घेऊच नयेत.

रोज बघा

रोज एकदा, चांगल्या उजेडात, हातात आरसा घेऊन बघा. मोबाइलवर फोटो काढून ठेवलात तर कालच्याशी ताडून बघता येतं आणि ओपीडीत डॉक्टरांना दाखवताही येतं. आम्ही असे फोटो रोज बघतो, त्यात काही वावगं नाही.

पहिले दोन-तीन दिवस सूज वाढते, मग हळूहळू उतरते. जांघेतलं साकळलेलं रक्त खाली ओघळतं, म्हणून अंडकोश आणि लिंगाचं मूळ जांभळं पडतं, पुढे हिरवट-पिवळं होतं आणि दोनेक आठवड्यांत रंग निघून जातो. दिसायला भयंकर, पण यात घाबरण्यासारखं काही नाही. पट्टीवर पहिल्या दिवशी थोडे गुलाबी डाग पडतात. टाक्याखाली बोटाला कडक उंचवटा लागतो, तो जखम भरण्याचा भाग आहे आणि विरायला काही महिने घेऊ शकतो.

आता परत यायची लक्षणं. अंडकोश काही तासांत भराभर वाढतोय, कातडी ताणून चकचकीत झालीय, हाताला कडक लागतंय आणि गोळी घेऊनही दुखणं थांबत नाही, तर आत रक्त साठत असेल. रात्रीचे दोन वाजले असले तरी कॅज्युअल्टीत या. पट्टी रक्ताने भिजतेय आणि दहा मिनिटं दाबून धरूनही थांबत नाही, तरी या. १०१च्या वर ताप, टाक्याभोवती पसरणारी लाली, पू किंवा घाण वास असेल तर जंतुसंसर्ग, त्याच दिवशी दाखवा. मधुमेह असलेल्यांनी तर तासाभराचाही उशीर करू नये. वृषणात अचानक असह्य कळ आली तर तीही थांबण्यासारखी गोष्ट नाही. लॅप्रोस्कोपीनंतर पोट फुगलं आणि उलट्या थांबेनात, तरी तसंच.

कॅज्युअल्टीत पोहोचल्यावर ‘पोटात दुखतंय’ असं सांगू नका. खूप जण लाजेने तेच सांगतात आणि तपासणी भलत्याच दिशेला जाते. ‘व्हेरिकोसीलचं ऑपरेशन झालंय, अंडकोश सुजलाय’ हे शब्द तोंडपाठ करून या आणि कार्ड हातात ठेवा.

कामावर, गाडीवर, गादीवर

खुर्चीतलं काम असेल तर बहुतेक जण आठवड्याभरात जाऊ लागतात. काम जमतं, जाच होतो तो प्रवासाचा. साहेबांशी बोलून गर्दीची वेळ टाळता आली तर दोन आठवडे टाळा. बाईकवर बसणं आणि किक मारणं दोन-तीन आठवडे नको. खड्ड्यात बसलेला एक दणका पुरेसा असतो. डिलिव्हरीचं काम करणाऱ्या मुलांना हे पटत नाही, रोजचे पैसे बुडतात हे मलाही कळतं. पण घाई करून आत रक्त साकळलं तर त्याहून जास्त दिवस बुडतात.

वजन पहिले दोन आठवडे पाच किलोच्या वर नको. भरलेला गॅस सिलिंडर तीस किलोच्या आसपास भरतो, पाण्याचा मोठा जार वीस किलोचा. पहाटे पाणी आलं की बादल्या भरायचं काम घरात दुसऱ्या कुणाला तरी द्या. माथाडी, हमाल, गोदीतले, जिमवाले यांनी चार ते सहा आठवडे धरावेत आणि डॉक्टरांनी तपासून सांगितल्यावरच पूर्ण वजन उचलावं. ढोल कमरेला बांधणं, गोविंदाच्या थरात उभं राहणं हेही त्यातच आलं. चालणं मात्र पहिल्या दिवसापासून, रोज थोडं वाढवत.

शरीरसंबंध किंवा हस्तमैथुन साधारण दोन आठवड्यांनी, जखम भरली असेल आणि ओढ लागत नसेल तर. पहिल्या दिवसांत झोपेत ताठरता आली आणि टाके ओढले गेले, तर त्याने आत काही तुटत नाही. बायकोला आधीच सांगून ठेवा, दोघांचीही काळजी कमी होते.

महिन्यांनी उगवणाऱ्या गोष्टी

हायड्रोसील म्हणजे वृषणाभोवती पाणी साठणं. शिरांबरोबर लसिकावाहिन्या, म्हणजे तिथलं जादा पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या, बांधल्या गेल्या तर हे होतं आणि काही आठवड्यांनी, कधी फार उशिरा दिसतं. दुखत नाही, फक्त ती बाजू मोठी आणि जड होत जाते. मायक्रोस्कोपखाली केलेल्या ऑपरेशननंतर हे शंभरात एकालाही क्वचितच होतं, लॅप्रोस्कोपी किंवा वरच्या भागात शिरा बांधलेल्यांत प्रमाण जास्त. थोडं पाणी असेल तर नुसतं लक्ष ठेवतात, जास्त असेल तर छोटं ऑपरेशन. गल्लीतल्या दवाखान्यात सुईने पाणी काढून घेऊ नका. ते पुन्हा भरतं आणि वर जंतुसंसर्गाचा धोका.

व्हेरिकोसील पुन्हा होणं मायक्रोस्कोपच्या पद्धतीत शंभरात एक-दोघांना, साध्या पद्धतीत दहा ते पंधरा जणांना आढळतं. पण पहिल्याच महिन्यात हाताला शिरा लागल्या म्हणून ‘ऑपरेशन फेल गेलं’ असं ठरवू नका. बांधलेल्या शिरा रिकाम्या होऊन आक्रसायला वेळ घेतात. तीन महिन्यांनंतर डॉपलर सोनोग्राफी केली की रक्त उलटं वाहतंय का ते कळतं.

वृषणाच्या धमनीला इजा होऊन वृषण बारीक होणं फार दुर्मीळ आहे. वृषणाला एकाहून अधिक धमन्या असल्यामुळे इजा झाली तरी बऱ्याचदा ते तगतं. महिन्यातून एकदा आंघोळीत दोन्ही बाजू हाताने ताडून बघा. व्हेरिकोसीलमुळे त्या बाजूचं वृषण आधीच लहान असू शकतं, म्हणून ऑपरेशनपूर्वीचा सोनोग्राफीचा रिपोर्ट जपून ठेवा, नाहीतर तुलना कशाशी करणार?

मांडीच्या आतल्या बाजूला किंवा अंडकोशावर बधिरपणा राहिला तर तो जांघेतल्या मज्जातंतूंना ताण बसल्यामुळे, बहुतेकांचा हळूहळू जातो. मंद दुखणं काही आठवडे राहतं. दुखतं म्हणून ऑपरेशन केलेल्यांपैकी साधारण ८० ते ९० टक्के लोकांना आराम पडतो. तीन महिन्यांनंतरही दुखत असेल तर गोळ्या खात बसू नका, पुन्हा तपासून घ्या. दुखण्याचं कारण दुसरंच निघू शकतं.

भरतीसाठी ऑपरेशन करणारी पोरं आमच्याकडे खूप येतात. लष्कराच्या किंवा पोलीस भरतीच्या मेडिकलमध्ये ‘अनफिट’ लागतं आणि फेरतपासणीची तारीख डोक्यावर असते. बाळांनो, ती तारीख सर्जनना ऑपरेशनच्या आधी सांगा आणि त्या भरतीचा नियम काय म्हणतो ते वाचून या. टाके ओले असताना मैदानावर धावलात तर सूज राहते आणि मेडिकलला तीच दिसते.

मूल हवं म्हणून ऑपरेशन केलं असेल तर

वीर्यतपासणी तीन महिन्यांनंतरच करा. शुक्रजंतू तयार व्हायला अडीच महिन्यांच्या आसपास लागतात, शिवाय त्यांना पुढच्या प्रवासाला वेळ लागतो. महिन्याने केलेल्या तपासणीत ऑपरेशनच्या आधीचेच दिसणार आणि उगाच निराशा पदरी येणार. मधल्या काळात डेंग्यू, मलेरिया किंवा कुठलाही मोठा ताप आला असेल तर आकडे त्यानेही खाली येतात. डॉक्टरांना तसं सांगा, ते तपासणी पुढे ढकलतील. बेकरीच्या भट्टीपुढे किंवा बॉयलरजवळ काम करत असाल तर तेही सांगा, कारण सततची उष्णता वृषणाला मानवत नाही.

तपासणीआधी दोन ते सात दिवस वीर्यपतन टाळायचं. नमुना शक्यतो लॅबमध्येच द्या. घरून आणायचाच असेल तर तासाभरात पोहोचला पाहिजे आणि डबी अंगाजवळ, शर्टाच्या आत धरून आणायची. या शहरातल्या ट्रॅफिकमध्ये तासाचा भरवसा नाही, म्हणून मी लॅबचाच आग्रह धरतो. दर वेळी एकाच लॅबमध्ये करा, म्हणजे दोन रिपोर्ट ताडून बघता येतात.

साधारण शंभरातल्या साठ-सत्तर जणांच्या वीर्याचा दर्जा सुधारतो. त्यानंतर दिवस राहणं बायकोच्या वयावर आणि तिच्या तब्येतीवरही अवलंबून असतं, म्हणून तिच्या तपासण्या तुमच्या ऑपरेशनची वाट बघत थांबवू नका. तीन महिन्यांत फरक दिसला नाही तर सहा महिन्यांनी पुन्हा तपासतात. तिचं वय पस्तिशीच्या पुढे असेल तर तेवढं थांबायचं की दुसरा उपचार सोबत सुरू करायचा, हे पहिल्याच फॉलोअपला दोघांनी मिळून डॉक्टरांना विचारा. त्या दिवशी ऑपरेशनआधीचा वीर्याचा रिपोर्ट, सोनोग्राफी आणि डिस्चार्ज कार्ड एकाच फाइलमध्ये घेऊन या.